सावलीचं पान

फुसाए : ते मी विचारतच नाहीये. मी विचारतेय, तुझ्या बापाच्या जागेवर हा कोण बसवलायस?

वाकाना : आजी, हळू! धक्का लागला तर पडेल. बसवलेला नाहीये कुणी. नुसता टेकवून ठेवलाय. प्लास्टिकचा आहे, कापलेलं चित्र नुसतं.

फुसाए : ते दिसतंय मला. सत्त्याहत्तरची झाले तरी डोळे शाबूत आहेत माझे. वीतभर पोरगा, निळे केस, सुकवलेल्या माकुळासारखा चपटा. त्याच्यापुढे ऑम्लेट घातलेला भात, निळं सरबत, जेवणाच्या काड्यासुद्धा. कोण हा?

वाकाना : इओरी. गातो, नाचतो. आज वाढदिवस आहे त्याचा, चोविसावा.

फुसाए : मेलाय?

वाकाना : आजी!

फुसाए : मग हरवलाय?

वाकाना : नाही गं. टोकियोत आहे.

फुसाए : मग त्याच्या आईला वाढू दे की. तिचे हात मोडले का?

वाकाना : हल्ली सगळ्याच वाढतात. जो आपल्याला आवडतो, त्याच्या वाढदिवसाला त्याच्या आवडीचं करायचं, त्याच्यापुढे मांडायचं, फोटो काढून फोनवर टाकायचा. मग आपण खायचं. सेंदाइला माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली करतात. कॅफेत गेल्या तरी दोन ताटं मागवतात, एक स्वतःचं आणि एक त्याचं.

फुसाए : आणि याला म्हणतात काय?

वाकाना : काय म्हणजे?

फुसाए : काहीतरी नाव असेलच ना. तुमच्या फोनवर शिंकेलासुद्धा नाव असतं. सांग की.

वाकाना : सावलीचं पान.

फुसाए : काय म्हणालीस?

वाकाना : सावलीचं पानच म्हणतात, आजी. मी नाही ठेवलेलं ते नाव.

फुसाए : सावलीचं पान वाढतात ते बाहेर गेलेल्या माणसासाठी. लढाईवर गेलेल्यासाठी, बोटीवर गेलेल्यासाठी. तो जिथं असेल तिथं उपाशी राहू नये म्हणून. माझ्या आजीनं आजोबांसाठी चार वर्षं वाढलं, घरात दाणा नसताना. फोटो काढायला नव्हतं वाढलं तिनं. उचल त्याला. माझ्या तेरुआकीचा, तुझ्या बापाचा भात काढलाय मी, निवतोय.

वाकाना : दोन मिनिटं. त्या खुर्चीपाशी खिडकीचा उजेड चांगला येतो, म्हणून तिथं मांडलं. मनात दुसरं काही नव्हतं.

फुसाए : उजेड! अकरा वर्षांत त्या खुर्चीत मांजर बसू दिलं नाही मी.

चिझुरु : आले मी. काय चाललंय? रस्त्याच्या टोकापर्यंत आवाज येतोय दोघींचा.

फुसाए : ये, ये. बघ तुझ्या लेकीचे प्रताप. तुझ्या नवऱ्याच्या जागी बाहुला जेवायला बसवलाय.

चिझुरु : अगं, हा तर इओरी. आज बंदरावर आमच्या खानावळीत सहाजणी ह्यालाच घेऊन आलेल्या. सगळ्या एकेकट्या. वाडग्याला टेकवायचा, फोटो काढायचा, मग निवलेलं जेवायचं. एकीला मी विचारलंसुद्धा, काड्यांचा आणखी एक जोड देऊ का म्हणून. लाजली बिचारी, पण घेतला.

फुसाए : झालं. तूही ओढ तिचीच री.

चिझुरु : री नाही ओढत, आई. वाकाना, ते ताट बाजूला घे. ती जागा कुणाची ते तुला माहीत आहे.

वाकाना : घेतलं. हे बघा, घेतलं. आणि मला नाही माहीत असणार तर कुणाला? बाबा गेला तेव्हा आठ वर्षांची होते मी. तेव्हापासून रोज त्या रिकाम्या खुर्चीसमोर जेवलेय. आधी तिला 'बाबा, जेवायला बसा' म्हणायचं, मग घास उचलायचा. त्याचा आवाज मला आठवत नाही, पण त्याच्या वाडग्याचा टवका कुठं उडालाय ते झोपेतसुद्धा सांगेन. आणि आई, माझी काडी खाली पडली की मी कधी वाकायचे नाही, आठवतं?

चिझुरु : मी उचलून द्यायचे. मला वाटायचं, आळशी आहेस.

वाकाना : टेबलाखाली त्याचे पाय दिसतील म्हणून. ओले बूट. वर कुणी दिसत नसलं तरी खाली बूट असणार, अशी खात्रीच होती माझी. अजून आहे. अजून नाही वाकत मी.

फुसाए : बापाला भितं का कुणी, वेडे?

वाकाना : बापाला नसते भ्यायले. तिथं बसतं ते कोण आहे, तेच मला कळत नाही. आणि माझा इओरी निदान जिवंत आहे. आज गाणार आहे तो, मी ऐकणार आहे. त्याच्यासाठी वाढलं तर मी खुळी, आणि...

चिझुरु : पुरे, वाकाना.

फुसाए : नाही, बोलू दे तिला. आणि काय? तुझा बाप जिवंत नाही, असंच ना? ऐक. त्या बुडालेल्या बोटीवर नऊजण होते. सहा सापडले, त्यांची राख मी स्वतः बघितली. तिघं सापडले नाहीत, आणि सापडला नाही तो मेला असं कुणी सांगितलंय? हा बघ, वाढला भात. हे घातलं झाकण. जेवणं झाल्यावर मी ते उचलते तेव्हा आतून थेंब धरलेले असतात. माझ्या आजीचं सांगणं होतं, थेंब धरले की माणूस धडधाकट आहे, आणि झाकण कोरडं निघालं तर काय ते समजून घ्यायचं. अकरा वर्षांत एकदाच कोरडं निघालं. दुसऱ्या वर्षी, थंडीत.

चिझुरु : भात सकाळचा होता त्या दिवशी. गॅस संपला होता आपला.

फुसाए : असेल.

चिझुरु : तीन दिवस तुम्ही अन्नाला शिवला नाहीत. लाटा अडवायच्या बांधावर जाऊन उभ्या राहायचात, गुडघाभर बर्फात. मी आणि शेजारचे हिराकासान, आम्ही ओढून आणायचो.

फुसाए : चौथ्या दिवशी धरले की परत थेंब. त्यानंतर एका दिवसाचा खंड नाही.

वाकाना : आजी, ते थेंब...

चिझुरु : वाकाना, नको.

वाकाना : आई लावते ते.

फुसाए : काय लावते?

वाकाना : पाणी. मी पाहिलंय, चौथीत असताना. नळाखाली तीन बोटं ओली करायची आणि झाकणाच्या आतून शिंपडायची. मी दाराआड होते. तेव्हा वाटलं, हीसुद्धा पान वाढायचीच रीत असेल.

फुसाए : चिझुरु?

चिझुरु : हो, आई.

फुसाए : रोज?

चिझुरु : रोज. तुम्ही देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवायला जायचात, तेवढ्यात.

फुसाए : मोठे मोठे थेंब असायचे. मला वाटायचं, पोरगं घामाघूम झालंय. समुद्रापलीकडच्या रशियनांनी त्यांच्या बोटीवर घेतला असेल, तिथं राबतोय, सुटका नाही, पण अंगात बळ आहे. थेंब बघून मी रात्री हिशेब करायचे, आज जास्त काम पडलेलं दिसतंय म्हणून.

चिझुरु : मला माफ करा.

फुसाए : कालसुद्धा तूच शिंपडलंस?

चिझुरु : नाही. गेल्या महिन्याच्या आठ तारखेपासून मी झाकणाला हात लावलेला नाही.

फुसाए : काल थेंब होते. परवाही होते.

चिझुरु : होते. पाहिलेत मी.

वाकाना : माझ्याकडे बघू नका. मी येऊन चारच दिवस झालेत.

फुसाए : म्हणजे मी लावते की काय? थांबा. आत्ता वाढलं ना मी, तुम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत? कुणी शिवलंय त्याला?

वाकाना : नाही. कुणीच नाही.

(फुसाए वाडग्यावरचं झाकण उचलते आणि उलटं करून दोघींसमोर धरते.)

फुसाए : सांग तुझ्या आईला. मोठ्यानं सांग.

वाकाना : ओलं आहे.

फुसाए : किती?

वाकाना : सगळं. थेंबच थेंब आहेत, आई.

फुसाए : मग? आता कुणाची बोटं होती? आहे की नाही माझा पोरगा?

चिझुरु : नाही, आई.

फुसाए : डोळ्यांसमोर धरलंय तरी नाही म्हणतेस?

चिझुरु : तो सापडलाय. आठ तारखेला फोन आला पोलिसांचा. खाली बसा तुम्ही. वाकाना, आजीच्या हातातलं ते घे. अपघातानंतर तुमच्या गालातून कापूस लावलेली काडी फिरवून नेली होती, आठवतं? ती ठेवली होती त्यांनी. तिच्याशी जुळलं.

फुसाए : काय जुळलं? सापडलाय म्हणजे किती सापडलाय?

चिझुरु : बूट सापडला, मासळीच्या जाळ्यात. आत हाडं होती.

वाकाना : कोणता पाय?

चिझुरु : उजवा.

फुसाए : इकडं ये, पोरी. माझ्याजवळ बस. टेबलाकडे बघू नको. माझ्याकडे बघ.

वाकाना : मी ठीक आहे.

फुसाए : हात गार पडलेत तुझे. असेच धर. चिझुरु, आज चौदा तारीख. म्हणजे महिना उलटला. महिनाभर रोज इथं माझ्यासमोर बसून तू त्याला 'जेवायला बसा' म्हणालीस?

चिझुरु : म्हणाले.

फुसाए : जीभ कशी वळली तुझी?

चिझुरु : रोज ठरवायचे, आज सांगायचं. पाणी लावणं बंद केलं ते त्यासाठीच. तोवर मी खोटं वागत नव्हते, आई. मलाही कुठं माहीत होतं? पाणी मीच लावायचे आणि झाकण उघडलं की मलाही हायसं वाटायचं. पण फोन आल्यावर हात धजेना. म्हटलं, आता कोरडं निघेल, तुम्ही विचाराल, मग सांगावंच लागेल. तर दुसऱ्या दिवशी ओलं. तिसऱ्या दिवशी ओलं. तुम्ही झाकण उचललंत की वाटायचं, तो मला विचारतोय, सांगितलंस का गं? रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवायला जायची भीती वाटायला लागली.

वाकाना : आई, भात गरम असतो. वाफ धरते झाकणाला. एवढंच आहे ते.

चिझुरु : हो. एवढंच आहे. एकदा गॅस संपला, एकदाच भात गार होता, बाकी रोज गरम. रोज वाफ धरत असणार.

फुसाए : मग दहा वर्षं पाणी कशाला लावत बसलीस?

चिझुरु : न लावता काय होतं, ते थांबून बघायची छातीच झाली नाही.

वाकाना : आणि आम्हाला का नाही सांगितलंस? मला तरी? फोन करायचास. मी सेंदाइला आहे, चंद्रावर नाही.

चिझुरु : तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस. तू आलीस की आजीला कळलं असतं. कळलं की हे पान उचलावं लागलं असतं.

फुसाए : तू माझ्या जिवाला जपत होतीस, असं म्हण ना सरळ.

चिझुरु : नाही, आई. तसं म्हटलं तर ते खोटं होईल. मी मला जपत होते. तू जाशील सेंदाइला परत, वाकाना. मग या टेबलाशी आम्ही दोघी. समोरासमोर, आणि मधे कुणी नाही. तुम्ही मीठ मागणार त्याच्या नावानं, मी सूप वाढणार त्याच्या नावानं, असंच चाललंय ना आपलं? तो गेला म्हटल्यावर तुम्ही माझ्या कोण, आणि मी तुमची कोण?

फुसाए : छत्तीसची होतीस तू तेव्हा. तुझा भाऊ गाडी घेऊन आला होता न्यायला. अंगणात इंजिन चालूच ठेवलं होतं त्यानं.

चिझुरु : बॅग भरली होती मी. वाकानाच्या पायात बूटसुद्धा घातले होते.

फुसाए : मग का नाही गेलीस? मी धरलं नव्हतं तुला.

चिझुरु : तुम्ही त्याचं पान वाढत होतात. दाराकडे पाठ होती तुमची. तो येणार म्हणून कुणी भात दाबून भरतंय, आणि आपण बॅग उचलायची म्हणजे तो येणार नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. मी भावाला म्हटलं, आजचं जेवण होऊ दे. उद्या ये.

फुसाए : तो दुसऱ्या दिवशी आला होता?

चिझुरु : आला. त्यालाही तुम्ही जेवायला घातलंत.

फुसाए : म्हणजे मीच अडकवलं तुला. मेलेल्या माणसाच्या भातात.

चिझुरु : तसं नका म्हणू. मी राहिले. कुणी अडकवलं नाही.

वाकाना : आजी, पाणी हवं का?

फुसाए : पाणी नको. कुणाच्या जाळ्यात आला तो? ते सांग.

चिझुरु : मियाको बंदराची बोट आहे. सावागुची म्हणून तांडेल आहेत, तुमच्याच वयाचे असतील. तळातून ओढायचं जाळं त्यांचं. पोलिसांकडून आपला नंबर मागून घेऊन त्यांनी स्वतः फोन केला. घरी येऊन उदबत्ती लावायची आहे म्हणाले.

फुसाए : भला माणूस दिसतोय. आणखी काय म्हणाले?

चिझुरु : डिसेंबरात जाळं वर आलं, त्यात बूट. एक खलाशी भिरकावून देत होता. रबरी बूट किती येतात जाळ्यात, कोण बघत बसतं. सावागुचींनी हातात घेतला, तर जड लागला. मग त्यांनी टोपी काढली आणि बुटाला काहीतरी विचारलं. बोटीची रीत आहे म्हणाले. काय विचारलं ते मात्र सांगितलं नाही. म्हणाले, सासूबाई दर्यावरच्या घरातल्या असतील तर त्यांना ठाऊक असेल.

फुसाए : विचारलं त्यांनी? खरंच विचारलं? आजकाल कुठं कोण विचारतं.

वाकाना : काय विचारतात, आजी?

फुसाए : समुद्रात माणूस मिळाला ना, की त्याला मढं म्हणायचं नाही. एबिसू म्हणायचं.

वाकाना : एबिसू? हातात मासा धरून हसत बसलेला असतो, तो देव?

फुसाए : तोच, मासळीचा. त्याला बोटीवर घ्यायच्या आधी तांडेलानं विचारायचं, 'आम्हाला मासळी देशील का? देणार असशील तर घरी पोचवतो.' माझ्या वडिलांनी दोनदा विचारलेलं मला माहीत आहे.

वाकाना : पण तो कसं उत्तर देणार?

फुसाए : तो नाही देत. बोटीवरचं दुसरं कुणीतरी त्याच्या वतीनं बोलतं. 'देईन, देईन. पुष्कळ देईन.' असं बोललं की मगच त्याला वर घ्यायचं. आपल्या माणसासारखं, दोन्ही हातांनी.

चिझुरु : त्यांना मिळाली मासळी, आई. मी विचारलं नव्हतं, आपणहून सांगितलं त्यांनी. महिनाभर रिकाम्या फेऱ्या चालल्या होत्या. त्या दिवशी पुढचं जाळं ओढताना यंत्र कुरकुरायला लागलं म्हणे. नुसता कॉड मासा. बर्फ कमी पडला बोटीवर.

फुसाए : मिळणारच. तेरु कुणाचं फुकट घेणारा नव्हता.

चिझुरु : नव्हता.

फुसाए : शाळेत कुणी एक बोर दिलं तर दोन परत करून यायचा.

वाकाना : आजी, तू रडतेयस.

फुसाए : मग रडू दे की. अकरा वर्षं दम धरला होता.

चिझुरु : उद्या पहिल्या गाडीनं जाऊ या. मी खानावळीत कळवते. हाडं ठाण्यात ठेवलीत, सही करून घ्यायची. वाकाना, तूही चल.

वाकाना : येणारच आहे मी.

फुसाए : मीही येणार. पण आधी ठाण्यात नाही जायचं.

चिझुरु : मग कुठं?

फुसाए : आधी धक्क्यावर. सावागुचींच्या बोटीवर माझ्या तेरुच्या वतीनं कोण बोललं, ते विचारायचं. तो खलाशी असेल, नाहीतर भटारी असेल, कुणी का असेना, त्याला माझ्यासमोर उभा करायचा आणि म्हणायचं, बाबा, ते परत एकदा बोल. अकरा वर्षांत माझा पोरगा तेवढंच बोललाय. ते मला ऐकायचंय.